धक्का कुठवर पोहोचला? अपघात झालेल्या वेगवान गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. मनात भरलेली वेगवान गाडी आवाक्यातल्या किमतीत मिळते आहे, पण तिला पूर्वी अपघात झालेला आहे. त्यांतली पाच पत्रे निवडून हे सदर त्यांनाच दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधारावर दिली आहेत.

प्रश्न : मी सहा वर्षे जुनी, दोन दारांची, टर्बो इंजिनाची आणि मागची चाके फिरवणारी एक स्पोर्ट्स कार पाहिली आहे. इंजिन पुढे आहे. मालकांनी स्वतःहून सांगितले की दोन वर्षांपूर्वी पुढून किरकोळ धडक बसली होती आणि तेव्हा बंपर, बॉनेट व उजवा दिवा बदलला. रंग उत्तम आहे, इंजिन सुरळीत चालते आणि अपघात न झालेल्या अशाच गाडीपेक्षा ती बरीच स्वस्त आहे. घरचे म्हणतात, अपघाताची गाडी दारात आणू नये. माझे मन मात्र तिच्यातच अडकले आहे. काय करावे?

उत्तर : मालकांनी अपघाताची गोष्ट लपवली नाही, ही या व्यवहारातली चांगली खूण आहे. पण 'किरकोळ' या शब्दावर विसंबू नये. माणसे तो शब्द झालेल्या खर्चावरून वापरतात, दिसण्यावरून वापरतात, कधी कधी आपल्याला इजा झाली नाही म्हणूनही वापरतात. गाडीच्या अंगात धक्का कुठवर पोहोचला हे त्या शब्दातून कळत नाही, आणि आपल्याला नेमके तेच शोधायचे आहे.

बंपर, बॉनेट, दिवे आणि पुढचे फेंडर, म्हणजे चाकांवरचे पत्रे, हे बहुतेक गाड्यांत बोल्टने बसवलेले भाग असतात. ते चेपले तर काढून नवे लावता येतात आणि त्यामुळे गाडीच्या ताकदीत काही उणे येत नाही. बंपरच्या आत धातूची एक आडवी तुळई असते आणि ती चुरगळण्यासाठीच घडवलेल्या दोन छोट्या खोक्यांवर टेकलेली असते. अनेक गाड्यांत हीसुद्धा बोल्टनेच जोडलेली असतात, म्हणजे कमी वेगाची धडक त्यांनी पोटात घ्यावी आणि मग त्यांना बदलून टाकावे, अशी ती योजना आहे. त्यांच्यामागे मात्र दोन लांब पोकळ दांडे सुरू होतात आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांनी प्रवाशांच्या जागेपर्यंत जातात. हे दांडे, त्यांना वेल्ड केलेले आतले पत्रे, शॉकअब्सॉर्बरचे वरचे टोक जिथे बसते ते बुरूज, दारांचे खांब, उंबरठे आणि तळ मिळून गाडीचा सांगाडा होतो. धक्का तुळईपाशी थांबला असेल तर आपल्या घरच्यांची भीती अनाठायी आहे. तो दांड्यांत शिरला असेल तर ती भीती रास्त आहे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गाडीचे पुढचे अंग ठरलेल्या क्रमाने चुरगळावे आणि प्रवाशांची जागा शाबूत राहावी, ही कल्पना मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी पेटंटच्या रूपाने मांडली आणि १९५९ साली ती त्याच कंपनीच्या विक्रीच्या गाडीत उतरली. आज मोटारगाड्या याच तत्त्वावर बांधल्या जातात. दांड्यांवरच्या घड्या, त्यांतली भोके, जागोजागी बदलणारी पत्र्याची जाडी, हे सगळे त्या चुरगळण्याचे गणित असते. एकदा दुमडलेला दांडा ओढून सरळ केला तर तो डोळ्यांना सरळ दिसेल, पण पुढच्या धडकेत तो त्याच क्रमाने दुमडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय आधुनिक सांगाड्यांत खांबांसाठी आणि उंबरठ्यांसाठी गरम साच्यात दाबून घडवलेले बोरॉनयुक्त पोलाद वापरतात. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या कित्येक पट असते आणि तापवून सरळ करू गेल्यास तीच निघून जाते. निर्मात्याने नेमून दिलेल्या जागी कापून तो भाग बदलणे, हीच त्याची खरी दुरुस्ती. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, आणि ही गाडी आपण सावकाश चालवण्यासाठी घेणार नाही, हे लक्षात घेतले म्हणजे सांगाड्याविषयी मी एवढा आग्रह का धरतो ते कळेल.

आता पाहणीविषयी. गाडी धुतलेली आणि पूर्ण कोरडी असताना, दिवसाउजेडी पाहावी. रंगाची जाडी मोजण्याचे हातात मावणारे यंत्र मिळते, ते बरोबर असावे. कारखान्यातला रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचा असतो, काही गाड्यांत त्याहून थोडा कमी किंवा जास्त. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नसतो, तुलनेला असतो. छताला सहसा धक्का लागत नाही, तिथून सुरुवात करावी आणि मग एकेक दार, फेंडर आणि मागच्या चाकांवरचे पत्रे क्रमाने मोजत जावे. छतावर ११५, डाव्या दारावर १२० आणि मागच्या फेंडरवर एकदम ३०० दिसले, तर तिथे पुन्हा रंग दिलेला आहे. आकडा हजाराच्या घरात गेला, तर रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याचा लगदा, भरलेली आहे. आपल्या गाडीच्या बॉनेटवर आकडा वेगळा आला तर नवल नाही, कारण ते बदलल्याचे मालक सांगतातच. मागच्या फेंडरवर तो वेगळा आला तर मात्र त्यांना स्पष्ट विचारावे, कारण मागचा फेंडर बोल्टने निघत नाही. तो सांगाड्याला वेल्ड केलेला असतो आणि त्यांच्या हकिकतीत मागच्या भागाचा उल्लेखच नाही.

त्यानंतर बॉनेट उघडून बोल्टच्या डोक्यांकडे पाहावे. ज्या गाड्यांत पत्रे बसवल्यावर सगळ्यांवर एकत्र रंग चढतो, तिथे फेंडरच्या आणि बिजागऱ्यांच्या बोल्टवर तो अखंड असतो. पाना लागला की कडांवरचा रंग उडतो आणि खालचा धातू चमकू लागतो. बोल्टपेक्षाही वेल्ड अधिक सांगून जातात. कारखान्यात यंत्राने टाकलेले वेल्डचे गोल, किंचित खोलगट ठिपके ओळीने आणि सारख्या अंतरावर असतात. हाताने केलेल्या कामात ती ओळ घासून सपाट केलेली असते किंवा अंतरे चुकलेली असतात. सांधे बुजवणाऱ्या सीलरचेही तसेच आहे, कारखान्यातला एकाच धारेने पडलेला असतो आणि ब्रशने लावलेल्यावर केसांच्या रेघा उमटतात. दांड्यांवर, बुरुजांवर आणि डिकीतला गालिचा उचलून खालच्या पत्र्यावर या खुणा शोधाव्यात. आपल्या गाडीत टर्बो आहे, तेव्हा बंपरच्या मागे रेडिएटर, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आणि कदाचित ऑइल कूलरही असणार. त्यांच्या चकत्या एका बाजूला चेपलेल्या आहेत का, आणि त्यांतला एखादाच भाग कोरा करकरीत आहे का, हेही पाहून घ्यावे. मालकांच्या यादीत रेडिएटर नाही. तो नवा निघाला तर धक्का त्यांच्या सांगण्यापेक्षा आत पोहोचलेला होता.

वेगवान गाड्यांचा एक अपघात मात्र रंगाच्या यंत्राला सापडत नाही. ओल्या रस्त्यावर वळणात एक्सलरेटर जरा जास्त दाबला जातो, गाडीची मागची बाजू सुटते, गाडी आडवी घसरत जाते आणि मागचे चाक दुभाजकाच्या कडेवर आदळते. पत्र्यावर ओरखडाही उठत नाही. चाक बदलले की अपघात झाल्याचे मालकाशिवाय कोणाला ठाऊक राहत नाही. काही वर्षांपूर्वी एका परिचितांसाठी अशी एक गाडी मी लिफ्टवर घेऊन पाहिली होती. रंग सगळीकडे मूळचा, कागदपत्रे स्वच्छ. उजवे मागचे चाक काढले तेव्हा खालचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, डाव्या बाजूच्या आर्मपेक्षा स्पष्टच नवा दिसला, त्यावरची भागाच्या क्रमांकाची चिकटपट्टीसुद्धा अजून शाबूत होती. मग सबफ्रेमच्या, म्हणजे हे आर्म जिला जोडलेले असतात त्या चौकटीच्या, बोल्टवर बॅटरीचा झोत टाकला. वायसरच्या कडेला चंद्रकोरीसारखी एक उजळ, धूळ नसलेली खूण होती. वायसर आधी जिथे बसलेला होता तिथून चार-पाच मिलिमीटर सरकला होता, म्हणजे मागची सगळी सबफ्रेमच सरकली होती. ती गाडी साध्या रस्त्यावर अगदी नीट चालत होती.

यासाठीच चारही चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, कॅमेऱ्याच्या यंत्रावर तपासून त्याचा छापील कागद घ्यावा, आणि तो काही दुरुस्त करण्याच्या आधीचा असावा. चाकांचा टो (चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बऱ्याचदा फिरवून जुळवता येतो आणि काही गाड्यांत कॅम्बरही (चाकाचा उभा कल), त्यामुळे वाकलेल्या गाडीचेही आकडे हिरव्या रंगात, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, आणता येतात. पण स्टिअरिंगच्या आसाचा आतल्या बाजूचा कल बहुतेक गाड्यांत स्वतंत्रपणे जुळवण्याची सोयच नसते. तो डाव्या आणि उजव्या बाजूला लक्षणीय वेगळा आला, तर बुरूज, नकल (ज्यावर चाक बसते तो भाग) किंवा सबफ्रेम यांपैकी काहीतरी जागेवर नाही. तसेच मागच्या चाकांचा रोख गाडीच्या मध्यरेषेला धरून आहे का, तेही त्या कागदावर असते. तो सुटलेला असेल तर गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडे धरावे लागते.

कागदपत्रांत तीन गोष्टी मागाव्यात : दुरुस्तीपूर्वीचे फोटो, बदललेल्या भागांचे सविस्तर बिल आणि सांगाडा मोजला असल्यास त्या मोजमापाचा कागद. फोटो सर्वांत मोलाचे. गाडीच्या इतिहासाचा अहवाल स्वच्छ असला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण त्यात नोंदवले गेलेलेच अपघात दिसतात. रेसट्रॅकवरचे नुकसान साध्या विम्यात सहसा धरत नाहीत, त्यामुळे तिथला अपघात मालक स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. उलट बाजूने, अहवालात अपघात दिसला म्हणून गाडी टाकाऊ ठरते असेही नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या पण दुरुस्त होण्याजोग्या गाड्यांचे दोन गट केले आहेत, एक सांगाड्याला इजा झालेल्यांचा आणि दुसरा ती न झालेल्यांचा. ही विभागणी मला योग्य वाटते, कारण ती पैशाकडे न पाहता इजेकडे पाहते.

तेव्हा माझे मत असे : तुळईच्या मागे काही हललेले नाही हे फोटो, बिल आणि अलाइनमेंटचा कागद या तिन्हींवरून जुळत असेल, तर गाडी जरूर घ्यावी. दांडे ओढलेले किंवा कापून जोडलेले आढळले, तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नये.

प्रश्न : मी पसंत केलेल्या गाडीच्या पुढच्या दोन्ही एअरबॅग अपघातात उघडल्या होत्या. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या नव्या बसवल्या आहेत आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेला नाही, म्हणजे सारे ठीक आहे. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर तो दिवा काही सेकंद लागायला हवा आणि मग विझायला हवा. तो मुळीच लागत नसेल तर तो बिघडलेला आहे किंवा कोणीतरी बंद केलेला आहे. पण तो लागून विझला, तरी एअरबॅग जागेवर आहे असे सिद्ध होत नाही. एअरबॅगचा कंट्रोल युनिट त्या तारेतला विद्युतरोध तपासतो, आणि एअरबॅगऐवजी तेवढ्याच रोधाचा एक क्षुल्लक तुकडा जोडला तरी त्याचे समाधान होते. असे करणारी माणसे आहेत. स्कॅनर लावला तरी त्याला हीच फसवणूक दिसते, त्यामुळे या कामात डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. जाणत्या मेकॅनिककडून बॅटरी सोडवून, ठरलेला वेळ थांबून, स्टिअरिंगवरचे झाकण काढून घ्यावे आणि आतल्या भागाचा क्रमांक बिलाशी ताडून पाहावा. हे काम स्वतः करू नये, कारण त्या भागात स्फोटक भरलेले असते.

एअरबॅग नवी आहे की दुसऱ्या गाडीतून काढलेली, हाही प्रश्न विचारावा. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने २०१२ साली बनावट एअरबॅगविषयी जाहीर इशारा दिला होता. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण तर जगभर गाजले. उष्णता आणि दमटपणा यांनी त्यांच्यातले रसायन बिघडत असे आणि फुगताना धातूच्या डबीचेच तुकडे उडत, म्हणून अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भंगारातल्या गाडीची एअरबॅग आपल्या गाडीत आली असेल, तर ती कोणत्या गाडीतली आहे हे कळल्याशिवाय तिच्यासमोर बसणे मला मान्य नाही.

एअरबॅगइतकेच सीटचे पट्टेही महत्त्वाचे आहेत, आणि खरेदीदार त्यांच्याकडे पाहतच नाहीत. धडकेच्या क्षणी पट्टा मागे खेचून घेणारा भागही छोट्याशा स्फोटावर चालतो आणि एकदाच चालतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी शिवलेल्या लेबलावरची तारीख वाचावी. गाडी ज्या वर्षी बनली त्या सुमाराची तारीख असेल, तर धडकेनंतर पट्टे बदललेलेच नाहीत. पुढच्या एअरबॅग उघडण्याइतका धक्का बसला असताना ते मूळचेच आढळले, तर ते वापरले गेले नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे. कंट्रोल युनिट बदलला की त्यातली धडकेची नोंद फक्त पुसली, हेही बिलावरून कळते. ही पूर्ण यंत्रणा साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत आपले काम उरकते. तेवढ्या वेळात पट्टा आणि एअरबॅग एकमेकांच्या बरोबरीने चालायला हवेत, म्हणून त्यांतला एक नवा आणि एक निकामी अशी गाडी मी कोणालाही घेऊ देणार नाही.

प्रश्न : गाडीचा सांगाडा अॅल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा असेल तर वर सांगितल्यासारखीच पाहणी करायची का? अशा गाड्या दुरुस्त होतात की नाही, याविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो.

उत्तर : प्रत्येक जण वेगळे सांगतो, कारण प्रत्येकाने वेगळ्या पद्धतीची गाडी पाहिलेली असते. होंडाची १९९० सालची एनएसएक्स ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पूर्ण अॅल्युमिनियम सांगाड्याची पहिली गाडी मानली जाते. ऑडीने १९९४ साली आपली मोठी ए८ अॅल्युमिनियममध्ये आणली. लोटसच्या १९९६ सालच्या एलिझचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या चिकटद्रव्याने जोडून केलेला आहे. तिघींत धातू एकच, पण दुरुस्ती सारखी नाही. चिकटवून जोडलेल्या सांगाड्याच्या मुख्य भागाला इजा झाली तर तो सगळाच बदलावा लागतो, आणि अशा सांगाड्यावर हातोडीच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसणे हेच गाडी नाकारायला पुरेसे कारण आहे.

अॅल्युमिनियमचा स्वभाव पोलादासारखा नसतो. वाकवून परत सरळ केले की ते कडक होते आणि तडकते, आणि ती तड कधी कधी रंगाखाली राहून जाते. पोलादावर वापरलेली घासायची अवजारे त्यावर चालवली तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि तिथे गंज धरतो. रंगाला बारीक फोड आलेले दिसतात ते बऱ्याचदा यामुळे. म्हणून दुरुस्ती कोणी केली, आणि त्या वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमसाठी वेगळी जागा व वेगळी अवजारे होती का, हे विचारायला संकोच करू नये. रंग मोजण्याचे यंत्रही अॅल्युमिनियमवर चालणारे हवे, कारण केवळ लोखंडासाठी असलेले यंत्र तिथे काही दाखवत नाही.

कार्बन फायबरची गोष्ट आणखी वेगळी. १९९२ साली लोकांसमोर आलेल्या मॅक्लारेन एफ१ने रस्त्यावरच्या गाडीत पूर्ण कार्बनचा सांगाडा आणला, आणि आता अनेक महागड्या गाड्यांत तो असतो. पोलाद वाकते, अॅल्युमिनियम चेपते, आणि दोघेही धक्का बसल्याचे दाखवून देतात. कार्बनचे थर आतल्या आत एकमेकांपासून सुटतात आणि वरची जाळी जशीच्या तशी चकचकीत राहते. नाण्याने हलकेच ठोकत गेले तर चांगल्या भागावर टणक आवाज येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बसका येतो. यावरून संशय घेता येतो, निर्णय मात्र घेता येत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींची तपासणी करवून घ्यावी लागते. बॉनेट, छत किंवा मागचा पंख एवढेच कार्बनचे असतील तर काळजीचे कारण नाही, ते बदलता येतात. सांगाडाच कार्बनचा असेल आणि गाडीला अपघात झालेला असेल, तर निर्मात्याने मान्यता दिलेल्या वर्कशॉपचा लेखी तपासणी अहवाल हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मी एक वापरलेली वेगवान गाडी घेतली. आधीच्या अपघाताची कल्पना होती. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे ती डावीकडे ओढते. तीनदा अलाइनमेंट केले, प्रत्येक वेळी कागदावर सगळे आकडे हिरवे येतात, आणि ओढणे मात्र थांबत नाही. मी गाडी चालवताना घाबरते असे मला सांगण्यात आले. माझे खरेच चुकते आहे का?

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. गाडी ओढते हे चालवणाऱ्याच्या हातांनाच सर्वांत आधी कळते, आणि तीन वेळा हिरवे आकडे येऊनही ती ओढते आहे याचा अर्थ दोष त्या आकड्यांच्या बाहेर आहे. आता चौथे अलाइनमेंट करू नये. रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात, तेव्हा आधी सपाट, मोकळ्या जागेवर गाडी खरोखर ओढते का ते ताडावे. लेन सांभाळणारी यंत्रणा असेल तर ती बंद करूनच हे पाहावे.

मग पुढची दोन चाके डावी-उजवी अदलाबदल करून घ्यावीत. टायर ठरावीक दिशेनेच फिरणारे असतील तर ते रिमवरून उतरवून पुन्हा चढवावे लागतील. अदलाबदलीनंतर गाडी उजवीकडे ओढू लागली, तर दोष टायरचा आहे आणि आपण स्वस्तात सुटलात. फरक पडला नाही, तर ब्रेक फारसा न लावता पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून, थांबल्यावर चारही चाकांचे तापमान दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरने पाहावे. डावे पुढचे चाक इतरांपेक्षा बरेच गरम असेल, तर त्याचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबणारा भाग, अडकून राहतो आहे.

तेही नसेल तर जुन्या तीन कागदांवरच पुन्हा नजर टाकावी. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कल, ज्या बाजूला कमी असतो त्या बाजूला गाडी ओढते, आणि दोन्ही बाजूंचे आकडे मर्यादेत असूनही, म्हणजे हिरवे असूनही, त्यांच्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त तफावत असू शकते. स्टिअरिंगच्या आसाचा कल त्या कागदांवर छापलेलाच नसेल तर तो मोजून मागावा. त्यातली तफावत म्हणजे पुढची सबफ्रेम, नकल किंवा बुरूज सरकल्याची खूण आहे, आणि तो दोष अलाइनमेंटच्या पान्याने जाणार नाही. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर दुरुस्तीनंतर त्याचा मध्यबिंदू पुन्हा शिकवला गेला होता का, तेही विचारावे. आपल्या पत्रातला 'ताशी १०० च्या पुढे' हा तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि वेगवान गाड्यांच्या पोटाखालची प्लास्टिकची आवरणे धडकेनंतर अर्धवट बसवली जातात किंवा बसवलीच जात नाहीत. गाडी लिफ्टवर घ्याल तेव्हा दोन्ही बाजूंची आवरणे आणि पुढच्या कडेची पट्टी सारखी आहेत का, हे स्वतः खाली उभे राहून पाहावे. कारण सापडेपर्यंत गाडी त्या वेगाला नेऊ नये.

प्रश्न : अपघात झालेली वेगवान गाडी नीट दुरुस्त झालेली असली, तरी तिचा विमा आणि पुढची विक्री यांत अडचण येते का?

उत्तर : येऊ शकते, म्हणून पैसे देण्याआधीच विमा कंपनीला गाडीचा सगळा इतिहास लेखी कळवून तिचे उत्तरही लेखी घ्यावे. ती विमा देते का एवढेच न विचारता, गाडी पूर्ण निकामी झाल्यास तिची किंमत कशी धरणार हेही विचारावे, कारण काही कंपन्या आधीच्या अपघाताचे कारण देऊन ती कमी धरतात. विक्रीच्या वेळी आज आपण जे प्रश्न विचारत आहात तेच आपल्याला विचारले जातील आणि आपल्यालाही किंमत उतरवून द्यावी लागेल, तेव्हा आज मिळणारी सूट तेवढी तरी असावी. पाहणीच्या दिवशी घेतलेले रंगाच्या जाडीचे आकडे, अलाइनमेंटचा कागद, लिफ्टवर काढलेले फोटो आणि आधीच्या मालकाने दिलेली बिले तारखांसह एकाच फाइलमध्ये लावून ठेवावीत, आणि गाडी विकाल तेव्हा ती फाइल मागण्याची वाट न पाहता पुढच्या मालकाच्या हाती द्यावी.